गॅलियमचा ॲनोड मॅग्नेशियम सेलमध्ये दहा सायकलींत का ढासळतो?

प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रकल्पासाठी तांब्याच्या फॉइलवर गॅलियम चोळून इलेक्ट्रोड बनवला, समोर मॅग्नेशियमची पट्टी ठेवली, सीआर २०३२ नाणे-सेल बांधला. क्षमता पहिल्यापासूनच निम्मी मिळाली आणि दहा सायकलींत जवळपास संपली. काही सेल मध्येच शॉर्ट झाले. गॅलियमऐवजी गॅलियम-इंडियम वापरावे का, की इलेक्ट्रोलाइट बदलावा?

दोन्ही बदलांच्या आधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. या लक्षणांवरून गॅलियमचा स्वतःचा दोष कमी आणि त्याच्या भोवतालच्या मांडणीचा दोष जास्त दिसतो.

आधी एक घोटाळा दूर करू. 'द्रव धातूची मॅग्नेशियम बॅटरी' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे एमआयटीत डोनाल्ड सॅडोवे यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेली मॅग्नेशियम-अँटिमनी बॅटरी. ती ७०० अंश सेल्सिअसला चालते. तिच्यात वर वितळलेले मॅग्नेशियम, मध्ये वितळलेले क्लोराइड क्षार आणि खाली अँटिमनी असते. तिथे मिश्रधातू धन बाजूला तयार होतो. तुमचा विषय दुसरा आहे: खोलीच्या तापमानाच्या आसपास चालणारा, सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमधला, मॅग्नेशियम सामावून घेणारा मिश्रधातूचा ॲनोड. पहिल्या प्रकारातले आकडे दुसऱ्याला लावू नका.

या दुसऱ्या प्रकारातले महत्त्वाचे काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एरिक डेट्सी यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. पाच गॅलियमला दोन मॅग्नेशियम अशा संयुगाचा ॲनोड त्यांनी ४० अंशांवर ३सी इतक्या वेगाने (म्हणजे पूर्ण क्षमता २० मिनिटांत भरेल किंवा रिकामी होईल अशा) १००० सायकली चालवून दाखवला. संयुग घन असते. त्यातले मॅग्नेशियम काढून घेतले की मागे गॅलियम उरते आणि ४० अंशांवर ते द्रव असते. पुन्हा मॅग्नेशियम भरले की घन संयुग तयार होते. म्हणजे हा ॲनोड सतत द्रव नसतो, तो प्रत्येक सायकलीत एकदा वितळतो. घन अवस्थेत पडलेल्या भेगा द्रव अवस्थेत बुजतात. कथिल किंवा बिस्मथच्या ॲनोडचा भुगा होतो तो याच भेगा साठत गेल्यामुळे.

यातून काय सुटते आणि काय सुटत नाही, हे नीट समजून घ्या. भेगांचा प्रश्न सुटतो. इलेक्ट्रोलाइट आणि धातू यांच्यामधल्या पृष्ठभागाचा प्रश्न सुटत नाही. द्रव करंट कलेक्टरला (प्रवाह बाहेर नेणाऱ्या फॉइलला) चिकटून राहील की थेंब होऊन सुटेल, हा तर नवाच प्रश्न उभा राहतो. तुमच्या सेलमध्ये बहुधा हे दुसरे आणि तिसरे प्रश्न एकत्र आले आहेत.

आता आकडे. पाच गॅलियम अणूंचे वजन ३४८.६, दोन मॅग्नेशियमचे चार इलेक्ट्रॉन. त्यावरून दर ग्रॅम गॅलियममागे सुमारे ३०७ मिलिॲम्पिअर-तास येतात. संयुगाचे पूर्ण वजन धरले तर २७०. बिस्मथचा आकडा ३८५ आणि कथिलाचा ९०३ आहे, त्यामुळे क्षमतेसाठी कोणी गॅलियमकडे वळत नाही. ते निवडायचे ते टिकाऊपणासाठी आणि वेगासाठी. १२ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम गॅलियम असेल तर एकूण २.२६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ०.७ मिलिॲम्पिअर-तास. सी/१० साठी, म्हणजे दहा तासांत भरण्यासाठी, ०.०७ मिलिॲम्पिअर प्रवाह पुरतो. या थराची जाडी फक्त ३.३ मायक्रॉन भरते, हा आकडा लक्षात ठेवा.

कारण इथेच तुमचे तांबे आडवे येते. तांबे आणि गॅलियम साध्या तापमानालाही हळूहळू एकत्र येऊन एक तांबे-दोन गॅलियम असे घन संयुग बनवतात. हिशेब केला तर २ मिलिग्रॅम गॅलियम पूर्ण अडकवायला ०.९ मिलिग्रॅम तांबे लागते, म्हणजे जेमतेम १ मायक्रॉन जाडीचा थर. बाजारातले बॅटरीचे तांब्याचे फॉइल ९-१० मायक्रॉनचे असते. चोळल्यावर गॅलियम तांब्यावर छान पसरलेले दिसते ते याच अभिक्रियेमुळे. दोन-तीन दिवसांनी ती चकाकी जाऊन थर राखाडी, कोरडा झाला असेल, तर तुमचे बरेचसे द्रव गॅलियम तिथेच संपले. मग वजनावरून काढलेली क्षमता निम्मी मिळाली तर नवल नाही. तांबे हवेच असेल तर गॅलियमचा थर दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या पुढे न्या आणि संयुगात अडकलेला वाटा हिशेबातून वगळा. त्यापेक्षा मॉलिब्डेनमचे फॉइल, कार्बन पेपर किंवा ३१६ स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी घ्या. गॅलियम त्यांच्यावर तांब्याइतके सहज पसरत नाही, पण त्यांना खातही नाही.

ॲल्युमिनियम कुठेही नको. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांच्या सीमांमधून आत शिरते आणि धातू बिस्किटासारखा ठिसूळ होतो. काही नाणे-सेलच्या टोपणांवर आतून ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, स्पेसरही (सेलमधली भरावाची चकती) कधी ॲल्युमिनियमचे मिळतात. पुरवठादाराला स्पष्ट विचारून साधे ३१६ स्टीलचे भाग मागवा. ग्लोव्हबॉक्समधली (आर्गॉन भरलेल्या बंद पेटीतली) ॲल्युमिनियमची ताटली, फॉइल, वजनकाट्याचा पॅनसुद्धा लांब ठेवा. याच गुणधर्मामुळे विमानाने गॅलियम पाठवताना ते धोकादायक माल म्हणून जाहीर करावे लागते. साठवायचे ते प्लास्टिकच्या बाटलीत, कारण गोठताना ते सुमारे ३ टक्के फुगते आणि काच फोडते.

आता तापमान. गॅलियम २९.७६ अंशांना वितळते. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखालच्या बाकावर ते द्रव असते, पुण्याच्या डिसेंबरात घन. पण वितळलेले गॅलियम थंड होताना वितळणबिंदूच्या बरेच खाली गेले तरी गोठत नाही, विशेषतः थेंब बारीक असतील तर. त्यामुळे २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत एकाच दिवशी बांधलेल्या चार सेलपैकी दोनांत ते द्रव आणि दोनांत घन असू शकते. मग निकाल जुळत नाहीत आणि माणूस इलेक्ट्रोलाइटला दोष देत बसतो. सेल ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, सायकल सुरू करण्याआधी किमान चार तास. तापमानाचा चढ-उतार एका अंशाच्या आत हवा. केबल आत घेताना दाराची फट राहते, ती सिलिकॉनच्या बुचाने बंद करा.

गॅलियम-इंडियमचा मोह साहजिक आहे. वजनाने ७५.५ टक्के गॅलियम आणि २४.५ टक्के इंडियमचे मिश्रण साधारण १५.५ अंशांना वितळते, म्हणजे ओव्हन नको. पण सेल चालू झाल्यावर काय होते ते पाहा. मॅग्नेशियम गॅलियमला पकडून घन संयुग बनवू लागले की उरलेल्या द्रवात इंडियमचे प्रमाण वाढते. सुरुवातीला ते अणूंच्या हिशेबाने १६.५ टक्के असते. २५ अंशांवर द्रव फार जास्त इंडियम सामावून घेऊ शकत नाही, म्हणून थोड्याच वेळात इंडियमयुक्त घन वेगळा होऊ लागतो. शिवाय इंडियम स्वतःही मॅग्नेशियमशी संयुग करते. मॅग्नेशियम बाहेर काढताना हे सगळे उलट क्रमाने विरघळावे लागते. वेग वाढला की ते पूर्ण होत नाही. कथिल मिसळले, म्हणजे ८६.५ टक्के गॅलियम आणि १३.५ टक्के कथिल, तर वितळणबिंदू २०.५ अंशांजवळ येतो आणि तशीच गुंतागुंत होते. शुद्ध गॅलियमवर ४० अंशांचा पाया पक्का झाल्याशिवाय या मिश्रणांकडे जाऊ नये, हे माझे ठाम मत आहे. तीन धातूंचा व्होल्टेज-आलेख वाचायला पायाचा आलेख हाताशी लागतोच.

थेंबाचा आकार हा बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा मुद्दा. मॅग्नेशियम भरताना थेंबाच्या बाहेरच्या अंगाला आधी घन संयुगाचे कवच तयार होते. पुढचे मॅग्नेशियम त्या कवचातूनच आत जायला हवे. घनातला विसरणांक (अणू किती वेगाने पसरतात त्याचे माप) १०⁻¹² चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद मानला, तर १ मायक्रॉन पार करायला सुमारे तीन तास लागतात आणि १० मायक्रॉन पार करायला अकरा दिवसांहून जास्त. द्रवात विसरणांक १०⁻⁵ च्या आसपास असतो, तिथे हेच १० मायक्रॉन सेकंदाच्या दहाव्या भागात पार होतात. म्हणून या ॲनोडमधून मॅग्नेशियम काढणे सोपे आणि भरणे अवघड. हाताने चोळलेल्या थरात ५०-१०० मायक्रॉनच्या गुठळ्या सहज राहतात. त्यांच्या पोटातले गॅलियम कधीच वापरले जात नाही.

त्यावर उपाय दोन आहेत. पहिला: कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ४०-५० अंशांवर गॅलियमचे अल्ट्रासोनिक प्रोबने बारीक थेंब करा, मग कार्बन ब्लॅक मिसळा. प्रोब पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद असा चालवा आणि भांडे बाहेरून पाण्यात ठेवून तापमान आवरा. थेंबांवर काही नॅनोमीटरचे ऑक्साइडचे कवच येते आणि तेच त्यांना पुन्हा एकत्र येण्यापासून अडवते. पाणी मात्र नको, पाण्यात गॅलियमचे हायड्रॉक्साइड तयार होते. त्याच कारणाने पाण्यात विरघळणारा बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) टाळा. पीव्हीडीएफ हे प्लास्टिक चालेल. ७०:२०:१० असे गॅलियम, कार्बन, बाइंडरचे प्रमाण सुरुवातीला ठीक आहे. वाळवल्यावर रोलरने दाबू नका. थेंब फुटून एकमेकांत मिसळतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

दुसरा उपाय मला अधिक पटतो: सुरुवातच घन संयुगापासून करा. १० ग्रॅम गॅलियमला १.३९ ग्रॅम मॅग्नेशियम. मॅग्नेशियमची पट्टी ग्लोव्हबॉक्समध्ये खरवडून, चकचकीत करून बारीक कापा. ग्रॅफाइटच्या मुशीत खाली गॅलियम, त्यात बुडवलेले तुकडे. आर्गॉनमध्ये ४०० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, मध्ये दोनदा ग्रॅफाइटच्या काडीने ढवळा. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळते खरे, पण गॅलियममध्ये त्याआधीच विरघळते. क्वार्ट्झच्या भांड्यात थेट टाकू नका, मॅग्नेशियम सिलिकेतला ऑक्सिजन ओढून घेते.

इथे एक चूक हमखास होते. द्रव नुसता थंड केला की हवे ते संयुग मिळत नाही. आधी एक मॅग्नेशियम-दोन गॅलियम हे संयुग बाहेर पडते, आणि २०३ अंशांच्या खाली त्याची उरलेल्या द्रवाशी अभिक्रिया होऊन २:५ संयुग बनावे लागते. घनातली ही अभिक्रिया सावकाश होते. गोळा आर्गॉनमध्येच खलबत्त्यात कुटा, दाबून वडी करा, १८० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा, पुन्हा कुटा. कुटताना खलाच्या कडेला आरशासारखा ओला थर चढत असेल तर मोकळे गॅलियम उरले आहे, आणखी तापवा. शेवटी एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) १:२ संयुगाच्या रेषा राहिलेल्या नाहीत हे पाहा. भुकटीला पाणी किंवा दमट हवा लागली तर हायड्रोजन सुटतो. बंद बाटलीत ती ग्लोव्हबॉक्समध्येच ठेवा.

संयुगापासून सुरुवात करण्याचा मोठा फायदा पूर्ण सेलमध्ये कळतो. शेव्हरेल कॅथोडमध्ये, म्हणजे सहा मॉलिब्डेनम-आठ गंधक या पदार्थात, सुरुवातीला मॅग्नेशियम नसते. नुसते गॅलियमही रिकामेच. मग सेलमध्ये मॅग्नेशियम यायचे कुठून?

आता तुमच्या ढासळणाऱ्या क्षमतेचे सगळ्यात संभाव्य कारण. गॅलियममध्ये मॅग्नेशियम भरण्याचा विभव शुद्ध मॅग्नेशियमपेक्षा फक्त ०.१ व्होल्टच्या आसपास वर असतो. दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये समोरच्या मॅग्नेशियम पट्टीवरचा अतिविभव (प्रवाह वाहवायला लागणारा जादा व्होल्टेज) एक-दोन दशांश व्होल्टपर्यंत सहज जातो. यंत्राला दिसतो तो दोघांचा फरक. त्यामुळे गॅलियम अर्धेच भरलेले असताना यंत्र ० व्होल्ट गाठल्याचे समजून थांबते. पट्टीवरचा थर दर सायकलीला जाड होतो आणि 'क्षमता' दर सायकलीला घटते. गॅलियमला यातले काहीच झालेले नसते. कटऑफ, म्हणजे थांबण्याची व्होल्टेज-मर्यादा, ऋण करणे हा इलाज नव्हे. तसे केले तर गॅलियमवर शुद्ध मॅग्नेशियमचा मुलामा चढेल आणि क्षमता खोटी वाढेल.

तीन इलेक्ट्रोडचा सेल बांधा. टी आकाराचा स्वॅजलॉक (नळीजोडापासून बनवलेला) सेल, संदर्भासाठी नुकतीच खरवडलेली मॅग्नेशियमची पातळ पट्टी, आणि कटऑफ संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत. समोरच्या बाजूला क्षेत्रफळाने कितीतरी मोठी मॅग्नेशियम पट्टी किंवा भरपूर ॲक्टिव्हेटेड कार्बन. खालची मर्यादा ०.०१ व्होल्ट ठेवा आणि वरची ०.६ ते ०.८. वरची मर्यादाही महत्त्वाची आहे. पाण्यातल्या प्रमाण विभवांवरून पाहिले तर गॅलियम मॅग्नेशियमपेक्षा १.८ व्होल्ट वर ऑक्सिडीकृत होते. क्लोराइड असले की हे अंतर कमी होते. मॅग्नेशियम संपल्यावर व्होल्टेज दीड-दोनपर्यंत ताणले तर गॅलियमच इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागते. मग आलेल्या प्रभाराला मॅग्नेशियमची क्षमता म्हणता येत नाही.

इलेक्ट्रोलाइटबद्दल. ॲनोड तपासायला एपीसी घ्या, म्हणजे फिनाइल मॅग्नेशियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइडचे टीएचएफ या सेंद्रिय द्रावकातले द्रावण. २० मिलिलिटर ०.२५ मोलर द्रावणासाठी: १५ मिलिलिटर कोरडे टीएचएफ बर्फाने थंड करून ०.६६७ ग्रॅम ॲल्युमिनियम क्लोराइड चिमूट-चिमूट टाका. एकदम टाकले तर उष्णतेने टीएचएफचे पॉलिमर होऊन द्रावण पिवळट, चिकट होते. ते पूर्ण विरघळल्यावर हे द्रावण थेंब-थेंब ५ मिलिलिटर २ मोलर फिनाइल मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये सोडा आणि रात्रभर ढवळा. टीएचएफमध्ये पाणी २० पीपीएमच्या खाली हवे. ग्रिग्नार्ड द्रावण (इथे फिनाइल मॅग्नेशियम क्लोराइडचे) हवेत आणि पाण्यात जोरात पेटू शकते. सगळे काम आर्गॉनमध्ये करा, उरलेले द्रावण कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सावकाश निष्प्रभ करा. क्लोराइडमुळे स्टील गंजते, ही तक्रार खरी आहे, पण ते दोन व्होल्टच्या पुढे. ०.८ व्होल्टला थांबणाऱ्या अर्ध्या सेलमध्ये त्याची काळजी नाही. पूर्ण सेलमध्ये धन बाजूला मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट लावा. टीएचएफ ६६ अंशांना उकळते, त्यामुळे ४० अंशांवर सैल सेलमधून ते निसटते. सेल आधी आणि नंतर तोलून पाहा, वजनातली घट म्हणजे गळती.

मिश्रधातूचा ॲनोड घेतला की साधा टीएफएसआय (मॅग्नेशियमचा फ्लोरिनयुक्त) क्षार ग्लाइम या ईथर-द्रावकात चालतो, असे तुम्ही वाचले असेल. टोयोटाच्या संशोधकांनी २०१२-१३ च्या सुमारास बिस्मथ आणि कथिलावर तसे दाखवले आणि या क्षेत्राला त्यामुळे बळ मिळाले. पण दोन सावधगिऱ्या हव्यात. गॅलियमचा विभव बिस्मथपेक्षा खाली आहे, म्हणून इलेक्ट्रोलाइटच्या विघटनापासून त्याला मिळणारे संरक्षणही कमी. आणि समोर मॅग्नेशियमची पट्टी असेल तर टीएफएसआयमध्ये तीच झाकोळते. आयन जाऊ न देणारा थर तिच्यावर बसतो आणि दोष ॲनोडवर येतो. ही तपासणी करायचीच असेल तर एपीसीत भरलेला ॲनोड किंवा वर सांगितलेली संयुगाची भुकटी घ्या, टीएचएफने तीनदा धुवा, आणि मॅग्नेशियमच्या पट्टीऐवजी शेव्हरेलसमोर लावा.

शॉर्ट होणाऱ्या सेलचे कारण बहुधा दाब. नाणे-सेलची स्प्रिंग द्रव गॅलियमला काचतंतूंच्या सेपरेटरमध्ये (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणाऱ्या पडद्यात) ढकलते. आलेखावर आधी बारीक थरथर, मग व्होल्टेज शून्याकडे. गॅलियमच्या बाजूला आधी पॉलिप्रोपिलीनची सच्छिद्र फिल्म, मग काचतंतू अशी मांडणी करा आणि अर्धा मिलिमीटर पातळ स्पेसर घेऊन दाब उतरवा. सेल उघडल्यावर काचतंतूंच्या मागच्या बाजूला करडे ठिपके दिसले तर निदान पक्के. उघडताना सेल उबदार ठेवा. थंड झाल्यावर द्रव गोठून वेगळ्या जागी सरकतो, आणि मग मूळ मांडणी कळत नाही. एक्सआरडीही शक्य असेल तर ४० अंशांवर घ्या. द्रव गॅलियमचा रुंद उंचवटा दिसला की मॅग्नेशियम पूर्ण निघाले याचा तो थेट पुरावा.

पूर्ण सेलकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही आधीच कागदावर मांडा. शेव्हरेलमधून प्रत्यक्षात दर ग्रॅमला १०० मिलिॲम्पिअर-तास आणि ॲनोडचा विभव वजा करून १ व्होल्ट धरला, तर फक्त क्रियाशील पदार्थांच्या वजनावर किलोला ७३ वॉट-तासांच्या आसपास मिळते. तोच कॅथोड शुद्ध मॅग्नेशियमसमोर १.१ व्होल्टला १०५ देतो. या ३० टक्के घटीच्या बदल्यात टिकाऊपणा मिळतो की नाही, ते तुमच्या प्रकल्पाला मोजता येईल. ४० अंशांचा एक लाभ इथे फुकट मिळतो: शेव्हरेलमध्ये खोलीच्या तापमानाला जे मॅग्नेशियम अडकून बसते, ते या तापमानाला अधिक सुटते.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. पहिल्या आठवड्यात तीन इलेक्ट्रोडचा सेल, मॉलिब्डेनमच्या फॉइलवर संयुगाची भुकटी, एपीसी, ४० अंश, सी/१०, तीन सेल. तिघांची पहिल्या पाच सायकलींची क्षमता एकमेकांच्या ५ टक्क्यांत आली तरच वेग वाढवा. नाही आली तर आधी वजने आणि तापमान तपासा, मग पाणी. तांब्यावरच्या जुन्या सेलपैकी एक फोडून त्याच्या फॉइलचा एक्सआरडी याच आठवड्यात करून घ्या. तांबे-गॅलियम संयुगाच्या रेषा दिसल्या तर आत्तापर्यंतच्या आकड्यांचे काय करायचे ते लगेच ठरवता येईल.